दोन कॉम्प्युटरमध्ये हरवलेली फाइल



संत्र्याची तोड असो की कपाशीची वेचणी, गटाच्या कामाला सुट्टी नसते. महिन्याची बैठक, बचत, कर्जाचे हप्ते, हजेरी, ठराव हे सगळं चालूच राहतं. पूर्वी गटाचा सगळा कारभार एका लोखंडी पेटीत मावायचा. पेटी आजही आहे, पण तिच्या जोडीला आता कॉम्प्युटर आला. सदस्यांची यादी, आधार आणि पासबुकाचे स्कॅन, ठरावांचे फोटो, हप्त्यांचा हिशेब, पापड-लोणच्याच्या विक्रीची नोंद, सगळं त्यात. एक कॉम्प्युटर ग्रामसंघाच्या खोलीत असतो, दुसरा लॅपटॉप हिशेब लिहिणाऱ्या ताईच्या घरी. मग फायली इकडून तिकडे नेणं आलंच. कधी पेन ड्राइव्हनं, कधी वायफायवरून, कधी गूगल ड्राइव्हनं.

या ने-आणीतच फायली जास्त हरवतात. समजा, उद्या बँकेत गटाच्या कर्जाची केस द्यायची आहे. घरच्या लॅपटॉपवरून फोल्डर पेन ड्राइव्हमध्ये घेतलं, पण 'कॉपी' करायच्या जागी 'कट' झालं. लॅपटॉपवर आता काही नाही. ऑफिसात आल्यावर जागा कमी पडते म्हणून दुसऱ्या ताईनं पेन ड्राइव्हमधलं "जुनं" फोल्डर पुसलं. नेमकं तेच कामाचं होतं. आता दोन्हीकडे काही नाही. पोटात गोळा येतो. कोणी विचारतं, "काय करून राहिली वो बाई?" आणि मग तोंडातून शब्द निघत नाही.

आजची माहिती अशाच वेळेसाठी आहे. पुसलेली फाइल बऱ्याचदा परत मिळते. पण ती मिळणार की नाही, हे पुसल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आपण काय करतो आणि काय करत नाही, यावर अवलंबून असतं.

पुसलं म्हणजे नेमकं काय होतं?

ग्रामपंचायतीचा नमुना ८ आपल्याला माहीत आहे. कोणतं घर कोणाच्या नावावर, याची नोंद त्यात असते. आता समजा, नमुना ८ मधून एका घराची नोंद खोडली. घर पडलं का? नाही. घर जागेवरच उभं आहे. फक्त कागदावर ती जागा मोकळी दिसते. उद्या कोणी ती मोकळी समजून तिथं नवं घर बांधायला घेतलं, तर मात्र जुनं घर खरंच जातं.

कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये असंच होतं. फाइल पुसली की तिची नोंद खोडली जाते. फाइलमधला मजकूर काही काळ तसाच पडून असतो. त्या जागेवर नवी फाइल लिहिली गेली की जुनी कायमची जाते. म्हणून फाइल हरवल्यावर त्याच पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरणं, फोटो टाकणं, त्याच कॉम्प्युटरवर सिनेमा डाउनलोड करणं म्हणजे आपल्याच हातानं जुन्या घरावर नवं घर बांधणं.

एक फरक लक्षात ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी नावाची डिस्क असते. ती वेगवान असते, पण तिथं नोंद खोडल्यावर मोकळी जागा लवकरच आतून साफ केली जाते. नाव खोडलं की पंचायतीनं लगेच जेसीबी पाठवावा, तसं. त्यामुळे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून फाइल परत मिळण्याची आशा जास्त, एसएसडीमधून कमी. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलच्या मेमरी कार्डमधूनही पुष्कळदा मिळते.

आधी हात थांबवा

पहिलं काम म्हणजे काही न करणं. फाइल पेन ड्राइव्हमधून गेली असेल तर तो नीट काढून बाजूला ठेवा, त्यात काहीही टाकू नका. कॉम्प्युटरमधून गेली असेल तर त्यावरची बाकीची कामं थांबवा. "फॉरमॅट करायचं का?" असा प्रश्न पडद्यावर आला तर होकार देऊ नका.

मग एका कागदावर लिहा: कोणती फाइल, काय नावाची, कोणत्या कॉम्प्युटरवर होती, कुठून कुठे नेत होतो, किती वाजता गेली, कोणतं बटण दाबलं. पुढे मदत करणाऱ्याला याच माहितीचा उपयोग होतो.

आणि एक गोष्ट. फाइल गेली हे दडवू नका. कॉम्प्युटर चालवणारी बहुधा गटातली शिकलेली सून किंवा पोरगी असते. बोलणी खावी लागतील या भीतीनं ती गप्प बसते, आठवडाभर कॉम्प्युटर तसाच चालू राहतो आणि परत मिळू शकली असती ती फाइलही जाते. म्हणून अध्यक्ष आणि सचिव ताईंनी आधीच सांगून ठेवावं की चूक झाली तर त्याच घडीला सांग, कोणी रागावणार नाही.

मग क्रमानं शोधा

पहिलं. कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं एकत्र दाबा. याला 'अनडू' म्हणतात, म्हणजे शेवटचं केलेलं काम उलटवणं. फाइल आत्ताच पुसली किंवा हलवली असेल, आणि मध्ये दुसरं काही केलं नसेल, तर ती जागेवर परत येऊ शकते.

दुसरं. फाइल खरंच पुसली गेली आहे का, ते पाहा. माउसनं ओढताना हात निसटतो आणि पूर्ण फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. आपल्याला वाटतं, गेलं. म्हणून शोधायच्या चौकटीत फाइलच्या नावातला एखादा शब्द टाका आणि दोन्ही कॉम्प्युटरवर शोधा. नाव आठवत नसेल तर तारखेनुसार लावून पाहा.

तिसरं. रिसायकल बिन, म्हणजे पडद्यावरची कचरापेटी, उघडा. फाइल तिथं असेल तर तिच्यावर उजवं बटण दाबून 'रिस्टोअर' निवडा. फाइल मूळ जागी जाते.

कट-पेस्ट करताना मध्येच लाइन गेली, तर घाबरू नका. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर 'कट' करताना कॉम्प्युटर आधी फाइल तिकडे उतरवतो आणि मगच इकडची काढतो. म्हणून काही फायली जुन्या जागी, काही नव्या जागी सापडतात. दोन्हीकडे पाहा. पेन ड्राइव्ह मात्र ओढून काढू नका. काम संपलं असं दिसत असलं तरी आतलं लिहिणं चालू असू शकतं. मग फाइलचं नाव दिसतं, पण ती उघडत नाही.

कचरापेटी रिकामी का दिसते?

इथंच दोन कॉम्प्युटरच्या कामात बायका गोंधळतात. "मी आत्ताच पुसली, मग कचरापेटीत का नाही?" याचं कारण असं की कचरापेटी सगळ्या पुसलेल्या फायली ठेवत नाही.

विंडोजमध्ये आपल्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवरची फाइल पुसली तर ती कचरापेटीत जाते. पेन ड्राइव्हमधली पुसली तर बहुधा जात नाही. शिफ्ट दाबून डिलीट केलं तरी जात नाही. आणि दोन कॉम्प्युटर वायफायनं जोडलेले असतील, तुम्ही एका कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्यातल्या शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल पुसली, तर ती साधारणपणे ना इकडच्या कचरापेटीत येते, ना तिकडच्या. शेजारणीच्या घरातली वस्तू तिच्या खिडकीतून थेट रस्त्यावर फेकावी, तसं ते होतं. म्हणून शेअर केलेल्या फोल्डरमधलं पुसताना दोनदा विचार करा.

गूगल ड्राइव्हचं वेगळं आहे. तिथं दोन्ही कॉम्प्युटरवर एकच फोल्डर जोडलेलं असतं. एकीकडे फाइल आली की दुसरीकडेही येते, आणि एकीकडे पुसली की दुसरीकडूनही जाते. पुष्कळ जणी समजतात की दोन कॉम्प्युटरवर दोन प्रती आहेत. तसं नाही, ती एकच प्रत दोन दारांतून दिसते. पण इथं एक सोय आहे. ड्राइव्हची स्वतःची कचरापेटी असते आणि पुसलेली फाइल तिच्यात ३० दिवस राहते. ज्या ताईच्या खात्यातली फाइल असेल, तिच्या खात्यानं ड्राइव्ह उघडून कचरापेटी पाहा.

दुसरा कॉम्प्युटर त्या वेळी बंद असेल, तर तो इंटरनेटला जोडण्याची घाई करू नका. पुसल्याचा निरोप त्याच्यापर्यंत अजून पोचलेला नसतो आणि फाइल त्यात असू शकते. वायफाय बंद ठेवून तो सुरू करा आणि फाइल आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घ्या.

कधी फाइल पुसली जात नाही, तर तिच्यावर जुनी फाइल बसते. नाव तेच, आतला हिशेब मात्र मागच्या महिन्याचा. "त्याच नावाची फाइल आहे, बदलायची का?" असं कॉम्प्युटर विचारतो आणि आपण न वाचता 'हो' म्हणतो. अशा वेळी त्या फाइलवर उजवं बटण दाबून आधीच्या आवृत्त्या दिसतात का ते पाहा. ही सोय आधीपासून चालू ठेवली असेल तरच विंडोज दाखवतो. गूगल शीटमध्ये हिशेब लिहीत असाल, तर तिथं जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात.

दुसरी प्रत कुठं पडली आहे?

सॉफ्टवेअरच्या मागं लागण्याआधी डोकं शांत ठेवून आठवा: ही फाइल आपण कोणाला पाठवली होती का? गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलेली यादी कोणाच्या तरी फोनमध्ये उतरलेली असते. ईमेलनं पाठवलेली फाइल 'सेंट'मध्ये असते. स्कॅन करणाऱ्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर प्रत राहिलेली असू शकते. रजिस्टरचे फोटो ज्या मोबाइलनं काढले, त्यात ते असतील, नाहीतर फोटोंच्या कचरापेटीत असतील. पुष्कळदा गेलेलं सगळं असंच गोळा होतं.

दुसऱ्या प्रतीनं केवढं काम होतं, याची एक खरी गोष्ट सांगते. अमेरिकेत पिक्सार नावाची कंपनी लहान मुलांचे कार्टून सिनेमे काढते. १९९८ साली त्यांच्या 'टॉय स्टोरी २' या सिनेमाचं काम चालू होतं. कोणीतरी पुसण्याची एक चुकीची आज्ञा दिली आणि सिनेमाचा मोठा भाग भराभर नाहीसा होऊ लागला. राखीव प्रत काढून पाहिली, तर ती नीट निघत नव्हती हे तेव्हा कळलं. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनिअर, पण राखीव प्रत उघडून कोणी पाहिलीच नव्हती. सिनेमा वाचला तो गॅलिन सुस्मन या बाईमुळे. तिचं बाळ लहान होतं, म्हणून ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखा जपत गाडीतून ऑफिसात नेला. १९९९ मध्ये सिनेमा पडद्यावर आला.

सॉफ्टवेअरनं शोधताना

कुठेच प्रत नसेल, तर फाइल शोधून काढणारी सॉफ्टवेअर आहेत. 'फोटोरेक' पूर्णपणे फुकट आहे. नाव फोटोचं असलं तरी ते वर्ड, एक्सेल, पीडीएफ अशा फायलीही शोधतं. 'रेकुव्हा' वापरायला सोपं आहे आणि त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये 'विंडोज फाइल रिकव्हरी' काढलं. तेही फुकट आहे, पण त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात, म्हणून जाणकार सोबत हवा.

यात दोन नियम मोडू नका. ज्या डिस्कवरून फाइल गेली, तिच्यावर हे सॉफ्टवेअर टाकू नका. आणि सापडलेल्या फायलीही त्याच डिस्कवर उतरवू नका. पेन ड्राइव्हमधली फाइल असेल, तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि सापडलेलं त्या कॉम्प्युटरमध्ये साठवा. फोटोरेक जुनी नावं परत देत नाही. फायली आकड्यांच्या नावानं येतात आणि एकेक उघडून पाहावी लागते. गहू निवडायला बसतो तसं दोघी-तिघी मिळून बसा. काही फायली अर्धवट निघतील. आकडे जुळतात का, हे पासबुकाशी ताडल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

हार्ड डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, ती पडली असेल किंवा पाण्यात भिजली असेल, तर घरी प्रयोग करू नका. कॉम्प्युटर बंद करून जाणकाराकडे न्या.

नरखेडला किंवा काटोलला दुकानात नेलं, तर आधी विचारा: किती पैसे लागतील, फाइल नाही मिळाली तर किती, आणि डिस्क फॉरमॅट तर करणार नाही ना. डिस्कमध्ये बायकांचे आधार आणि बँकेचे कागद आहेत, म्हणून शक्यतो एक जण तिथं बसून राहा. फाइल काढायला ओटीपी, एटीएमचा पिन किंवा बँकेचा पासवर्ड कधीच लागत नाही. फोनवरून "आम्ही फाइल काढून देतो, हे अॅप टाका" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पैशाची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

फाइल मिळालीच नाही तर?

तरीही हिशेब बुडाला असं समजू नका. बचत आणि हप्ते यांची नोंद एका जागी नसते. गटाच्या खात्यातली प्रत्येक जमा आणि उचल बँकेकडे आहे, शाखेतून खाते उतारा मिळतो. प्रत्येक सदस्याच्या बचत पुस्तिकेत तिची स्वतःची नोंद आहे. बैठकीचं रजिस्टर सह्यांसह पेटीत आहे.

म्हणून एक खास बैठक बोलवा. सगळ्या जणींना पुस्तिका आणायला सांगा. महिन्यामागून महिना घेऊन मोठ्यानं वाचा, एकीनं लिहा, दुसरीनं ताडा. जुळेल त्याची नवी नोंद करा. जिथं जुळत नाही, तिथं रक्कम वेगळी लिहून सगळ्यांसमोर बोला. शेवटी कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे हिशेब पुन्हा तयार केला, असा ठराव लिहून सह्या घ्या. गट विश्वासावर चालतो. फाइल गेली म्हणून विश्वास जात नाही, पण बंद दाराआड दोघींनीच आकडे बसवले तर जातो.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली आणि कितीतरी फायली जळाल्या. तेव्हाही इतर कार्यालयांत असलेल्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. राज्याच्या कारभाराला जे लागू, ते आपल्या गटालाही लागू.

पुढच्या बैठकीपासून

काही सवयी लावून घेऊ या. फाइल नेताना नेहमी 'कॉपी' करा, 'कट' नको. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत पाहा, मगच पहिली पुसायची की नाही ते ठरवा. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घाला. 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरी' अशी नावं पुढं घात करतात. वायफायवर फोल्डर शेअर करताना बाकीच्यांना फक्त पाहण्याची परवानगी द्या. बदल कोणी करायचे, ती एक ताई ठरवून द्या.

आणि तीन प्रती ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर, एक ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच कपाटात ठेवू नका, दुसऱ्या घरी ठेवा. मोवाडच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरानं माणसं नेली, घरं नेली, त्यांच्यासोबत घरातली कागदपत्रंही गेली. एका छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती एकाच पाण्यात बुडतात.

महिन्याच्या बैठकीत हजेरी झाली, बचत जमा झाली की पाच मिनिटं काढा. पेन ड्राइव्हवर नवी प्रत घ्या, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा आणि रजिस्टरमध्ये एक ओळ लिहा: "आज प्रत घेतली, उघडून पाहिली." खाली दोघींच्या सह्या. कागदी रजिस्टर मात्र बंद करू नका. लाइन नसली तरी ते वाचता येतं आणि त्यावर आपल्या सह्या असतात.

येत्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कोणाच्या घरी आहे, आणि ती शेवटची कधी उघडली होती? उत्तर मिळालं नाही, तर त्याच दिवशी प्रत काढा.